शिक्का

नांदगावहून देवगडला निघालात की देवगडच्या जरा अलीकडे जामसंडे लागते. हापूसच्या बागा, जांभ्या दगडाची घरे, आणि वाऱ्याला समुद्राचा वास. यंदा जानेवारीत आमच्या ओटीवर काकूंची फ्रेंच सून प्रथमच येऊन बसली. ती प्रवासी बोटीने मुंबईस उतरली होती. मुंबई, मार्मागोवा, कोची अशा बंदरांत परदेशी पाहुण्यांना ई-व्हिसावर उतरता येते. बोटीवर चढताना पासपोर्ट आणि व्हिसा तपासतात. उतरल्यावर सरकारी अधिकारी पासपोर्टावर बंदराचा आणि तारखेचा शिक्का मारतो.

काकूंनी चष्मा लावून तो शिक्का निरखला आणि म्हणाल्या, "मामंजी मुंबईस गेले, त्याची तारीख अशी कुठं असती तर!"

"कोणत्या साली गेले, काकू?"

"'तुकाराम' बुडाली ना, त्याच्या आदल्या वर्षी, असं सासूबाई म्हणत."

'जयंती' आणि 'तुकाराम' या बोटी ११ नोव्हेंबर १९२७ ला बुडाल्या. म्हणजे आजोबा गेले १९२६ साली. बोट खोल पाण्यात उभी राही. डोक्यावर ट्रंक घेऊन माणसे पडावातून तिच्याकडे जात. आजोबांच्या जाण्याचा एकही कागद घरात नाही. मागे राहिलेल्यांनी वर्ष लक्षात ठेवले ते दुसऱ्यांच्या आकांतावरून.

भावाने हे सारे बायकोला समजावून सांगितले. तिने आजोबांचे नाव विचारून घेतले आणि आपल्या वहीत लिहिले. पुढे 'देवगड, १९२६'.

शंभर वर्षे राहून गेलेली आमच्या घरची नोंद परक्या मुलुखातल्या सुनेने केली.