वेळासची कासवं आणि त्यांचे राखणदार

मुलांनो, महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्या. रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदी उत्तरेच्या टोकाला, सावित्री नदी समुद्राला मिळते तिथे तुम्हाला बाणकोट सापडेल. इथला किल्ला म्हणजे हिंमतगड. इंग्रजांनी तो १७५५ साली घेतला आणि त्याला ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ असं नाव ठेवलं. या किल्ल्याच्या थोडं पुढे, डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत वेळास हे गाव वसलं आहे. पेशवाईतले नाना फडणवीस मूळचे याच गावचे. पण हल्ली लोक एवढ्या लांब जातात ते कासवांची पिल्लं पाहायला!

एका मार्च महिन्यात आमच्या शाळेतली बारा मुलं आणि त्यांचे आईवडील मिळून आम्ही वेळासला गेलो. मंडणगड सोडलं की रस्ता नुसता वळणं घेत राहतो. दोघाचौघांनी गाडीतच डोकं धरलं. मग एकदम नारळी-पोफळीच्या वाड्या लागल्या, चिऱ्यांची कौलारू घरं दिसली आणि समुद्राची गाज ऐकू आली. सगळे टुणकन उठून बसले.

आमचा मुक्काम एका आजींच्या घरी होता. पाहुणे इथे उतरतात ते गावकऱ्यांच्या घरांतच. ओटीवर किंवा माजघरात सतरंज्या अंथरायच्या आणि घरचे जेवतात तेच जेवायचं. आम्हाला भात, कुळथाचं पिठलं, सोलकढी आणि दुसऱ्या दिवशी उकडीचे मोदक मिळाले. आपलं ताट आपणच उचलायचं, हा आजींचा नियम.

आता ही कासवं कोणती? त्यांचं नाव ऑलिव्ह रिडले. वाढलेलं कासव साधारण दोन-सव्वादोन फूट लांब असतं. सारा जन्म समुद्रात जातो, पण अंडी घालायला मादीला किनाऱ्यावर यावंच लागतं. थंडीच्या दिवसांत रात्री ती वाळूत येते, मागच्या पायांनी साधारण दीड फूट खोल खड्डा करते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. पुन्हा त्या अंड्यांकडे पाहायलाही येत नाही! अंडी दिसायला टेबल टेनिसच्या चेंडूसारखी. ती उबवण्याचं काम वाळूची ऊबच करते. गंमत म्हणजे पिल्लू नर होणार की मादी, हेही वाळूच ठरवते. वाळू थोडी गार असेल तर नर जास्त, अधिक तापली तर माद्या जास्त. म्हणूनच पृथ्वीचं तापमान वाढतंय, याची काळजी कासवांच्या अभ्यासकांनाही वाटते.

पूर्वी ही अंडी फार थोडी वाचत. कोल्हे, कुत्री खायची ते वेगळंच, पण माणसंही ती उकरून न्यायची. खायची आणि विकायची. आजी सांगत होत्या, “अगो बाई, आम्हाला कुठे ठाऊक होतं? कोंबडीची अंडी तशी ही. घरात चार पैसे यायचे.” त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. शेती थोडी, तरुण मुलं मुंबईला नोकरीला. घरात पैसे येणार कुठून?

२००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने इथे काम सुरू केलं. त्यांनी अंडी काढणाऱ्यांशी भांडण मांडलं नाही. वाळूतलं घरटं नेमकं कुठे आहे, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार? म्हणून संस्थेने गावातल्याच माणसांना राखणीच्या कामाला घेतलं. त्यांना आता ‘कासवमित्र’ म्हणतात. पुढे २००६ पासून ‘कासव महोत्सव’ सुरू झाला. लोक पिल्लं पाहायला येऊ लागले, घराघरांत उतरू लागले आणि जेवणाखाण्याचे पैसे थेट घरच्या बायकांच्या हातात पडू लागले. अंडी एकदा विकली की संपली. पिल्लं समुद्रात गेली तर मात्र पाहुणे पुढच्या वर्षीही येतात. हा हिशोब गावाला पटला. आज या कामात वन विभागही आहे, आणि जवळच्या आंजर्ले गावातही असा महोत्सव भरतो.

कासवमित्रांचं काम पहाटे सुरू होतं. किनारा चालत जायचा आणि वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग दिसतो का ते पाहायचं. घरटं सापडलं की अंडी अलगद काढायची, न हलवता, न फिरवता. जाळी लावलेल्या राखीव जागेत तेवढाच खोल खड्डा करून ती पुन्हा पुरायची. शेजारी तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी लावायची. सुमारे पन्नास दिवसांनी त्या जागेवर टोपली झाकतात. सकाळी आणि संध्याकाळी टोपली उचलून पाहतात.

पहिल्या संध्याकाळी आम्ही पाहिलं, तर टोपलीखाली नुसती वाळू! मुलं हिरमुसली. एक पाहुणे तर रागावलेच. “आम्ही एवढ्या लांबून आलोय. खड्डा उकरून दाखवा ना. हवे तर जास्त पैसे घ्या.” कासवमित्र शांतपणे म्हणाले, “साहेब, पिल्लू आपल्या वेळेला येतं. आम्ही उकरायला लागलो, तर मग पूर्वीच्यात आणि आत्ताच्यात फरक काय राहिला?” पाहुणे गप्प झाले. मुलांनी हे सगळं ऐकलं, याचं मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली उचलली आणि खाली काळी काळी, तळहातावर मावतील एवढी पिल्लं वळवळत होती! सत्तावीस मोजली. समुद्रापासून काही अंतरावर ती वाळूवर सोडली. दोन्ही बाजूंना दोर बांधलेले, आम्ही सगळे दोरामागे. पिल्लांना थेट पाण्यात सोडत नाहीत, वाळूवरून त्यांना स्वतः चालत जाऊ देतात. एक लाट आली आणि अर्धी पिल्लं घेऊन गेली. दुसरीत बाकीची गेली.

आमच्या चौथीतल्या एका मुलाने विचारलं, “काका, ही सगळी मोठी होतील?” उत्तर आलं, “नाही रे बाळा. हजारात एखादं मोठं होतं, असं म्हणतात.” “मग एवढी मेहनत कशाला?” “त्या एकासाठीच. आणि ते एक कुठलं, ते आपल्याला कुठे ठाऊक असतं?”

पाण्यात गेल्यावर कासवं जातात कुठे? पूर्वी याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. २५ जानेवारी २०२२ रोजी वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर एक छोटं यंत्र चिकटवलं. तिचं नाव ठेवलं ‘प्रथमा’. कासव श्वास घ्यायला पाण्यावर आलं की या यंत्राची तार उघडी पडते आणि संदेश उपग्रहाकडे जातो. मग शास्त्रज्ञांना कासवाचा ठावठिकाणा कळतो. पुढच्या वर्षी गुहागरला असंच यंत्र लावलेली ‘बागेश्री’ केरळ, कन्याकुमारी, श्रीलंका असा वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात पोचली! आणि २०२५ च्या जानेवारीत तर उलटं घडलं. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर पायाला धातूची पट्टी लावलेली मादी गुहागरला अंडी घालताना सापडली. तिला ओळखता आलं ते त्या साध्या पट्टीवरच्या आकड्यामुळे. उपग्रह हवा, तसा पहाटे चालत जाऊन तो आकडा वाचणारा माणूसही हवाच.

एक काळजी मात्र आहे. गर्दी फार वाढली, किनाऱ्यावर झगझगीत दिवे आले, रात्री गाड्या वाळूत शिरल्या, तर मादी किनाऱ्यावर न येता परत फिरते. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, त्यामुळे दिव्यांना फसून ती उलटीकडे चालू लागतात. म्हणजे ज्यांना पाहायला आपण जातो, तीच आपल्यामुळे यायची थांबतील. म्हणून वेळासला जाणार असाल तर आधी गावात फोन करून घरटी फुटण्याचे दिवस विचारा. किमान दोन दिवस मुक्काम ठेवा. पिल्लांना हात लावू नका, फ्लॅश मारू नका, प्लॅस्टिक परत आणा. आणि पिल्लं दिसली नाहीत तर कुणावर रागावू नका. बाणकोटचा किल्ला पाहा, आजींच्या हातचं जेवा.

आणि हो, पालकांनो, मुलांबरोबर एक हिशोब जरूर मांडा. आपण सहलीला जातो तेव्हा खर्च केलेल्या शंभर रुपयांपैकी त्या गावात किती राहतात?