‘आता काही होत नाही’ म्हणणाऱ्या आपल्या पोरांसाठी

नांदेड-लातूरच्या वस्त्यांत हवामान बदलावर बोलायला गेलो की हल्ली एकच उत्तर मिळतं : “दादा, धूर सोडणार अमेरिका आणि चीन. आपण काय करणार?” प्रश्न चुकीचा नाही. रात्री बातम्या वाचल्या की आम्हालाही तो पडतो. पण यश दिसत नाही म्हणून घरी बसा, हे आपल्या चळवळीत कोणी कधी शिकवलं?

मित्रहो, तारखा बघा. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले. लगेच सवर्णांनी तळं ‘शुद्ध’ केलं. नगरपालिकेने आपलाच ठराव फिरवला. डिसेंबरमध्ये हजारो माणसं पुन्हा महाडला आली, तर समोर कोर्टाचा मनाईहुकूम. मनुस्मृती जाळली, पण तळ्याचं पाणी न घेताच परतावं लागलं. परतीच्या वाटेवर त्या माणसांना काय वाटलं असेल? मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला १७ मार्च १९३७ ला. दहा वर्षं! निकाल काय लागेल हे ठाऊक नसताना दावा लढवला गेला. नामांतराचंही तेच. १९७८ चा ठराव, १९९४ चा नामविस्तार, आणि मध्ये किती घरं जळाली. त्यात जीव गेलेले पोचीराम कांबळे आपल्या नांदेड जिल्ह्यातलेच.

आणि हवामान बदल म्हणजे काही फक्त बर्फ वितळणं नव्हे. मार्च २०१६ मध्ये लातूरला पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली. महाडचा दिवस आपण पाळतो त्याच महिन्यात! १२ एप्रिलला, जयंतीच्या दोन दिवस आधी, मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे आली. देशभर फोटो छापून आले. पण ज्याच्याकडे पैसा होता त्याने टँकर विकत घेतला. रोज बुडवून घागरीच्या रांगेत उभी राहिली ती आपली माय. त्याच मराठवाड्यात ऊस मात्र पाणी पीत होता. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात उलटं झालं. हसनाळमध्ये रात्रीतून पाणी शिरलं, माणसं गेली.

दुष्काळ असो की पूर, पिकाची भरपाई सातबारा बघून मिळते. शेतमजुराचा बुडालेला रोज पंचनाम्यात येत नाही. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ चा आहे. तरी कितीतरी कसणाऱ्यांच्या नावावर आजही गुंठाभर जमीन नाही. वाहून गेलेलं त्यांचं सोयाबीन सरकारी कागदावर पेरलेलंच नव्हतं! धूर अमेरिकेचा असेल, पण हा कागद आपल्या तहसीलचा आहे. तिथवर एसटी जाते.

म्हणून आम्ही एक वही केली आहे. पाऊस झोडपून गेला की विहारात बसून नावं लिहायची : कोण गायरान कसतो, कोणाचे किती रोज बुडाले, कोणाची भिंत पडली. मग अर्ज. बहुतेक अर्ज परत येतात, हे खरं आहे. तोंडी नकार आम्ही घेत नाही, लेखी मागतो. कारण पुढे कोर्टात तोच कागद लागणार आहे. या कामात निराश व्हायला वेळ मिळत नाही असं नाही, मिळतो. पण दुसऱ्या दिवशी कोणीतरी आपल्या नावाची चौकशी करत येतं आणि वही उघडावीच लागते.

मृगाच्या आत या वर्षीची यादी पूर्ण करायची आहे. तुमच्या गावात ती झाली नसेल तर जयंती मंडळाच्या बैठकीत विषय काढा. डीजेची वर्गणी ठरवायला सगळे जमतातच.

जय भीम!