मामांची अँबॅसडर, चाचांची फियाट

शाळेसाठी मी आजोळी राहत असे. गाव शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या जवळ. इथून एक रस्ता शहापूरला जातो, दुसरा सरळगावावरून मुरबाडला. १९८५ च्या सुमारास गावात मोटारी दोनच होत्या : मामांची अँबॅसडर आणि शेजारच्या चाचांची फियाट. दोघेही भाडी मारत. संध्याकाळी ओट्यावर बसले, की कोणाची गाडी चांगली यावरून दोघांची जुंपे.

अँबॅसडर मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. ती कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला बनत असे. २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. फियाट मूळची इटलीची, पण ती आपल्या मुंबईत, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई. पुढे तिचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले, तरी लोक तिला फियाटच म्हणत. मुंबईतली तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

आकडे पाहिले तर मामांची गाडी वरचढ. तिचे इंजिन १४८९ सीसीचे, फियाटचे १०८९ सीसीचे. पण चाचा लगेच विचारत, "वजनाचं काय?" फियाट सुमारे ९०० किलोची, तर अँबॅसडर ११०० किलोच्या घरातली. मोठ्या इंजिनाची बरीच ताकद स्वतःच्याच गाडीचे ओझे ओढण्यात जाई. पेट्रोलही जास्त लागे. मुरबाड ते कल्याण रस्त्यावर फियाट पुढे निघून जाई. तिचे स्टिअरिंगही हलके. मामांना वळणावर दोन्ही हातांनी चाक ओढावे लागे.

उन्हाळ्यात माळशेज घाट चढताना मात्र फियाट रुसे. इंजिन फार तापले, की नळीतल्या पेट्रोलची वाफ होई. मग पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचत नसे आणि गाडी बंद पडे. चाचा पेट्रोलच्या पंपावर ओले फडके ठेवून झाडाखाली बसत. (अँबॅसडरही तापे, पण मामा ते कधी कबूल करत नसत.) पावसाळ्यात खड्डे आणि चिखल सुरू झाले, की अँबॅसडरची १५ इंची चाके उपयोगी पडत. फियाटची चाके १४ इंची होती. मला विचाराल तर रोजच्या भाड्याला फियाट बरी, पावसात अँबॅसडर.

एका श्रावणात रात्री मामींना कळा सुरू झाल्या. शहापूरच्या दवाखान्यात न्यायचे होते. मागच्या बाकावर नीट आडवे होता येईल अशी गाडी अँबॅसडरच. पण मामा दिवसभर भाडी मारून आले होते, टाकी रिकामी होती आणि पंप बंद झाला होता. चाचा काही न बोलता उठले. त्यांनी रबरी नळी लावून आपल्या फियाटमधले पेट्रोल डब्यात काढले. मी बॅटरी धरून उभा होतो. मामांचे हात थरथरत होते, म्हणून गाडी चाचांनीच चालवली. ओढ्याच्या फरशीवर घोट्याएवढे पाणी होते. चाचांनी पहिला गिअर टाकला आणि गाडी हळूहळू, न थांबता पलीकडे नेली.

पहाटे मुलगी झाली. चाचा तिला कितीतरी वर्षे "पद्मिनी" म्हणूनच हाक मारत.

मामा चिडून म्हणत, "अहो, गाडी कोणाची होती?"

चाचा हसून विचारत, "आणि पेट्रोल कोणाचं होतं?"