हौदाची जागा

दहावीचा शेवटचा पेपर देऊन धाकटा घरी आला आणि जेवता जेवता म्हणाला, "मम्मी, आपल्या परसात कोई माशांचा हौद करूया." मित्राच्या घरी त्याने हे मासे पाहिले होते. पांढऱ्या अंगावर केशरी डाग, पाण्याजवळ गेले की तोंड वर काढून येतात. मी नाही म्हटले नाही. शिक्षिकेच्या सवयीने गृहपाठ दिला, "आधी जागा शोध. कारणे वहीत लिही. मग पैशांचे बोलू."

जागेचा आग्रह उगीच नव्हता. कोई हा काचेच्या पेटीतला मासा नव्हे. जपानच्या निगाता भागातल्या डोंगरी खेड्यांत भातशेती करणारे लोक खाण्यासाठी कार्प मासे पाळत. त्यांतलेच रंगीत निवडून त्यांनी ही जात वाढवली. चांगला पोसला तर दोन फुटांपर्यंत वाढतो, वीस-पंचवीस वर्षे सहज जगतो. म्हणजे एकदा चुकीच्या ठिकाणी खणले की मुलगा नोकरीला लागेपर्यंत ती चूक सांभाळायची. शिवाय मुका जीव आपण कोंडून ठेवणार. मांजरीला बांधून उपाशी ठेवणाऱ्या बाईची हदीस मुलांना वर्गात सांगायची आणि घरी मासे गरम पाण्यात तळमळत ठेवायचे, हे मला पटणारे नव्हते.

धाकट्याने पहिली जागा धरली ती हापूसच्या झाडाखालची. सावली छान, खाटही तिथेच टाकलेली. पण आंब्याचा मोहोर, पाला, पिकून पडलेली फळे सगळे पाण्यात जाणार. पाला कुजला की पाण्यातला प्राणवायू कमी होतो, आणि आंब्याची मुळे आज ना उद्या भिंत फोडणारच. झाडाखालची जागा खोडली.

मग उताराचे खालचे टोक. तिथे पाणी आपोआप साठते, हा त्याचा मुद्दा. नेमका तोच दोष. पावसात वरच्या वाडीतून शेणखत, माती, फवारणीचे औषध, सगळे वाहत तिथे येते. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडाले तेव्हा वाशिष्ठीचे पाणी आमच्या परसाच्या त्या टोकाला लागले होते. असा पूर पुन्हा आला तर मासे नदीत जातील, आणि परका मासा नदीत सोडणे हेही बरे नाही. गच्चीचा विचार वहीतच संपला. ८ फूट लांब, ५ फूट रुंद, साडेतीन फूट खोल म्हणजे जवळजवळ ४००० लिटर, म्हणजे नुसत्या पाण्याचे चार टन. स्लॅबवर ते कोण ठेवणार?

चौथी जागा त्याला फारच आवडली. घरामागे, जुन्या गोठ्याच्या भिंतीपलीकडे. ऊन माफक, झाड जवळ नाही, आणि मुख्य म्हणजे पहार मारली तर माती लोण्यासारखी. आमच्याकडे दोन फुटांवर कातळ लागतो. इथे पहार कमरेपर्यंत आत गेली. व्हिडिओ कॉलवर कुवेतहून मुलाचे अब्बाही म्हणाले, "तीच जागा घ्या. नजरेआड राहील, अंगण मोकळे राहील."

अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तिथे नाही." कारण विचारले तर उठून आत गेल्या.

असरनंतर त्यांनी मला एकटीला सांगितले. लग्न होऊन मला बावीस वर्षे झाली, हे मी पहिल्यांदा ऐकले. त्या जागी पूर्वी गुरांच्या पाण्याचा हौद होता. माझे पती तीन वर्षांचे असताना त्यात पडले. घर माणसांनी भरलेले, पण गोठ्याच्या भिंतीमुळे कुणाला दिसले नाही. गवताचा भारा घेऊन जाणाऱ्या एका बाईला पाण्यावर सदरा फुगलेला दिसला. तिने भारा टाकला आणि त्यांना ओढून काढले. त्याच आठवड्यात सासऱ्यांनी तो हौद दगडमातीने भरला. म्हणून तिथली माती मऊ. ज्यांच्यावर हे गुदरले त्यांना काहीच आठवत नाही. आणि दोन वर्षांची नात, माझ्या नणंदेची मुलगी, मे महिन्यात येणार होती.

मला वाटले, विषय संपला. मी धाकट्याला तसे सांगितलेही. तो बिचारा वही मिटून बसला. दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापता थापता अम्मीच म्हणाल्या, "करायचाच असेल तर इथे करा," आणि पिठाचा हात खिडकीकडे केला. "घरातल्या बाईची नजर दिवसातून शंभर वेळा इथून बाहेर जाते."

स्वयंपाकघर पूर्वेला आहे. आम्ही दिवसभर तासातासाला सावलीवर चुन्याच्या खुणा केल्या. सकाळी ऊन, बारानंतर घराचीच सावली. माशांना हवे ते नेमके हेच, कारण पाणी जितके तापते तितका त्यात प्राणवायू कमी मावतो आणि आमच्याकडची एप्रिलची दुपार आपल्याला माहीत आहेच. नळ जवळ, पंपासाठी वीज जवळ. दोन अडचणी होत्या. मोरीचे साबणाचे पाणी त्या बाजूने जात होते, ते पाइप टाकून माडांकडे वळवले. आणि पागोळ्या. कौलांवरचे पावसाचे पाणी थेट हौदात पडले तर तो रोज भरून वाहील, म्हणून भिंतीपासून सहा फूट सोडले. आठवड्याला ४०० लिटर पाणी बदलावे लागेल, तेही माडांनाच जाईल. मे महिन्यात विहीर खाली गेलेली असताना एवढे पाणी काढणे जिवावर येणार आहे, हे मान्य.

अम्मींनी विचारले, "वजू चालेल का त्यात?" मुंबईच्या जुम्मा मशिदीच्या हौदात त्यांनी मासे पाहिले होते. आम्ही शाफई, दोन कुल्ल्यांचा हिशेब मी मांडला. दोनशे लिटरच्या आसपास भरतो, आपले पाणी तर वीस पट. रंग, वास, चव बदलली नाही तर हरकत नसावी, पण मौलानांना विचारून घेऊ म्हटले.

दोन फुटांवर अपेक्षेप्रमाणे कातळ लागला. खोदणाऱ्यांनी हात टेकले. मग उरलेली दीड फूट भिंत चिऱ्यांनी जमिनीवर उचलली. कठडा उंच झाला म्हणून धाकटा हिरमुसला, अम्मी खूश झाल्या. वर लोखंडी जाळी बसवली, तिने खंड्या आणि बगळ्यांपासूनही राखण होईल.

नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, म्हणून हौद भरायचा, आठवडा ठेवायचा, उपसायचा. तिसऱ्यांदा भरला आहे. मासे पाऊस सुरू झाल्यावर आणायचे, चारच. जाळीच्या कुलपाच्या किल्ल्या दोन आहेत. एक धाकट्याकडे, दुसरी अम्मींनी मागून घेतली आणि तसबीहच्या डबीत ठेवली.