रिकामे हात

डब्लिनहून लेकीनं आम्हांला थेट पश्चिमेला, कॉनेमारातल्या क्लिफडेनजवळच्या खेड्यात नेलं. जून महिना, तरी भुरभुर पाऊस! घरमालकीणबाईंनी ताकात भिजवलेला, सोड्यावर फुगवलेला पाव आणि वाफाळता चहा पुढे ठेवला. शेकोटीत दलदलीतून कापून वाळवलेल्या टर्फच्या विटा जळत होत्या. धुराचा वास माहेरच्या चुलीची आठवण देणारा. हे आणि लेक फिरायला गेले. मी सवयीनं कपबशा विसळायला उठले, तर बाईंनी हात धरून परत खुर्चीत बसवलं! बत्तीस वर्षांच्या संसारात असं कुणी बसवलं नव्हतं. डोळेच भरून आले.

रात्रीचे दहा वाजले तरी बाहेर उजेड. ह्यांनी विचारलं, “दिवसभर काय केलंस?”

“काहीच नाही!” म्हटलं. आणि मैत्रिणींनो, हे सांगताना पहिल्यांदाच अपराधी वाटलं नाही.