बायसनच्या पायाखालची पेटी

प्रिय अनय,


संग्रहालयातले पेंढा भरलेले प्राणी बघून तुला शिसारी आली. 'मारणारेच म्हणे जंगलांचे राखणदार!' हा तुझा टोमणाही पोचला. राग रास्त आहे. तरी एका माणसाचं सांगते.

विल्यम हॉर्नडे. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात कातडी भरून प्राणी उभे करायचा. त्याआधी हिंदुस्थानात येऊन वाघ, हत्ती, सुसरी टिपून गेलेला. १८८६ साली त्याच्या लक्षात आलं, की संग्रहात बायसनचे (आपला गवा नव्हे, त्यांचा तो केसाळ, वशिंडवाला) धड नमुने नाहीत आणि माळावरचे कळप तर संपत आलेत. मग ह्या गड्यानं काय करावं? संपायच्या आत मिळवू म्हणून मॉन्टानात जाऊन साथीदारांसह वीसेक जनावरं मारली!

डिसेंबरात एक अजस्र नर पडला. त्याच्या अंगातून चार जुन्या गोळ्या निघाल्या, लहानमोठ्या. आधीच्या बंदुकांना तो पुरून उरला होता.

पुढे मात्र हॉर्नडे मोजायला बसला. ठिकठिकाणची माहिती जमवून त्यानं १ जानेवारी १८८९ चा हिशेब मांडला: सगळ्या उत्तर अमेरिकेत १०९१. त्यांतले अमेरिकेत मोकळे, कुणाचंच संरक्षण नसलेले, फक्त ८५. एके काळी कोटींत होते ते! हळहळीपेक्षा ह्या आकड्यांनी जास्त काम केलं, असं मला वाटतं. १९०५ मध्ये अमेरिकन बायसन सोसायटी निघाली, हॉर्नडे तिचा अध्यक्ष. १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातून, तिथलाही प्रमुख हाच, पंधरा बायसन आगगाडीनं ओक्लाहोमाला गेले. कळपांबरोबर ज्यांचं अन्नवस्त्र गेलं होतं, ते कोमांची लोक बघायला जमले.

त्याला देव्हाऱ्यात मात्र बसवू नकोस. १९०६ मध्ये त्याच प्राणिसंग्रहालयात ओटा बेंगा ह्या काँगोच्या तरुणाला माकडांच्या घरात लोकांपुढे ठेवलं होतं. हॉर्नडेला त्यात काही वावगं दिसलं नाही.

वॉशिंग्टनच्या संग्रहालयात त्यानं मांडलेले सहा बायसन १९५७ मध्ये हलवले, तेव्हा तळाशी एक पेटी सापडली. आत १८८८ चं पत्र, त्याच्या जागी पुढे येणाऱ्या कुणा अनोळखी माणसाला लिहिलेलं: ह्यांतले तीन मीच मारलेत, माझी राख झाल्यावर ह्यांना जप.

ते सहाही आता परत मॉन्टानात आहेत, फोर्ट बेंटनला. तो चार गोळ्यांचा नरही.

तुझी,
आत्या