आमचा एक प्रक्षेप

पाठचिकित्सा आणि प्रक्षेप हा विषय आम्ही वीसेक वर्षे शिकवला. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये असे कठोरपणे बजावले, हे सांगताना आमचा आवाज नकळत चढत असे. तो नाथांच्या बाजूचा आवाज होता. ज्या कोणाला ज्ञानेश्वरीत एखादी ओवी घालावीशी वाटली असेल, त्याच्या बाजूने आम्ही वर्गात कधी बोललो नाही.

२००६ साली एका विद्यार्थिनीने विभागातल्या संगणकावर मराठी विकिपीडिया उघडला आणि वरच्या बाजूच्या 'संपादन' या शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "सर, इथं कोणीही लिहू शकतं."

"कोणीही म्हणजे?"

"कोणीही. तुम्हीसुद्धा."

त्या 'सुद्धा'ने आम्ही किंचित दुखावलो होतो, हे आज कबूल करायला हरकत नाही.

ते वर्षच तसे होते. 'टाइम' साप्ताहिकाने त्या वर्षीची व्यक्ती म्हणून 'तुम्ही' अशी निवड केली होती. तुम्ही म्हणजे महाजालावर लिहिणारे, चित्रफिती चढवणारे, दुसऱ्याचे लिहिलेले दुरुस्त करणारे सारे अनाम लोक. विकिपीडियाच्या आधी त्याच मंडळींनी 'न्यूपीडिया' नावाचा तज्ज्ञांचा कोश काढून पाहिला होता. त्यात लेखाच्या मंजुरीला सात पायऱ्या होत्या, आणि म्हणूनच फार थोडे लेख पुरे झाले. पायऱ्या काढून टाकल्या आणि १५ जानेवारी २००१ पासून दार उघडे ठेवले, तेव्हा लोक आत आले. मराठी आवृत्ती १ मे २००३ ची. केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ खंड आणि वाईच्या विश्वकोशाची शिस्त ज्यांनी पाहिली होती, त्यांना हा प्रकार चावडीवरच्या गप्पांसारखा वाटला. आम्हांलाही वाटला. तरी चार महिन्यांत आम्ही तेथे लिहू लागलो.

लिहिणे सोपे नव्हते. तोवर आमचे सारे टंकलेखन ज्याच्या त्याच्या फॉन्टमध्ये कोंडलेले होते. एकाची फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की अक्षरांची भुते नाचत. युनिकोडने ती भुते गेली, पण 'वाऱ्या'तला अर्धा र प्रत्येक जण निरनिराळ्या कळा दाबून काढी, आणि दिसायला सारखाच असलेला शब्द शोधताना मात्र सापडत नसे. मराठी ॲ-ला युनिकोडात स्वतंत्र जागा मिळायला २००८ साल उजाडले. या अडचणींवर रात्ररात्र खल करणारी माणसे अभियंते होती, बँकेतली होती, परदेशी स्थायिक झालेली होती. मराठीचे प्राध्यापक त्यांत फारच थोडे. असो.

आमच्या हातची पहिली मोठी नोंद एकोणिसाव्या शतकातल्या एका विस्मृत ग्रंथकाराची. त्यांचे नाव येथे देत नाही. त्यांची चूक नव्हती. आमच्या जुन्या टाचणात त्यांचा जन्म 'माघ शुद्ध, शके १७८९' असा होता. आम्ही अठ्ठ्याहत्तर मिळवले आणि १८६७ लिहून मोकळे झालो.

२००९ साली कोणीतरी त्याचे १८६८ केले. नाव नोंदवलेले नव्हते. अशा वेळी तेव्हा नावाच्या जागी संगणकाचा आयपी क्रमांक दिसे, ठिपक्यांनी तोडलेले चार आकडे. कारण दिलेले नाही, संदर्भ नाही. आम्ही अकरा मिनिटांत तो बदल उलटवला आणि शेरा लिहिला : 'निनावी व निराधार बदल'. नाथांचाच आवाज होता तो. तो आकडा पुन्हा फिरकला नाही.

२०१७ च्या फेब्रुवारीत त्या ग्रंथकारांच्या गावाहून निमंत्रण आले. जन्माला दीडशे वर्षे झाली म्हणून गावकऱ्यांनी सोहळा योजला होता आणि वक्ते म्हणून आम्हांला बोलावले होते. शाळेच्या पटांगणात मांडव, मुलींचे लेझीम, ग्रंथदिंडी. आम्ही पाऊण तास बोललो आणि बरे बोललो. जेवणानंतर घराण्यातले एक वृद्ध गृहस्थ आम्हांला माडीवर घेऊन गेले आणि लाल फडक्यातून त्यांनी जन्मटिपण काढले. शके १७८९, माघ शुद्ध. आमच्या टाचणाशी अक्षरशः जुळणारे. मग ते अगदी हळू म्हणाले, "माघ म्हणजे जानेवारी उलटून गेला, नाही का? तेव्हा एकोणऐंशी मिळवायला हवेत. पोरांना मी सांगितलं. पण पोरं म्हणाली, इंटरनेटवर सदुसष्टच आहे."

शकाचे इसवी सनात रूपांतर करताना चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुन सरेपर्यंत ७९ मिळवायचे, हे आम्ही दरवर्षी पहिल्या सत्रात फळ्यावर लिहीत होतो.

आम्ही त्या गृहस्थांना काय सांगितले? काहीच नाही. "पाहायला हवं," असे म्हणालो. खाली मांडवात मुले खुर्च्या गोळा करत होती.

त्या रात्री नोंदीच्या 'इतिहास पहा' या कळीवर बोट ठेवताना हात जड झाला होता. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत पानाच्या तळाशी पाठभेदांची बारीक अक्षरांतली रांग असते. कोणत्या पोथीत काय आहे ते तीत कळते, पण कोणत्या लेखकाने, कोणत्या दुपारी, कशापायी तो शब्द बदलला ते कळत नाही. येथे सगळे होते. तारीख, वेळ, आमचे नाव, आमचा शेरा. ज्या प्रक्षेपकाला आम्ही आयुष्यभर पोथ्यांतून हुडकले, तो सापडला आणि त्याच्यापुढे सही आमची होती.

आम्ही साल दुरुस्त केले आणि आपली चूक शेऱ्यात कबूल केली. तिसऱ्या दिवशी एका तरुण संपादकाने ते उलटवून पुन्हा १८६७ केले. त्याने संदर्भ दिला होता : सोहळ्याची वर्तमानपत्रातली बातमी, तीत आमच्याच भाषणाचा सारांश. त्याच्या कृतीत दोष काढायला जागा नव्हती. चर्चापानावर आम्ही ७८-७९ चा हिशोब मांडला, जन्मटिपणाचा उल्लेख केला. त्याने अतिशय नम्रपणे कळवले की घरातले टिपण प्रसिद्ध झालेले नाही, तेव्हा ते आधार म्हणून चालणार नाही; कोठे छापून आले असल्यास जरूर द्यावे.

मग आम्ही दीड पानांचे टिपण लिहिले आणि एका त्रैमासिकाकडे पाठवले. आठ महिन्यांनी ते छापून आले. आज नोंदीत १८६८ आहे आणि तळटीपेत आमचे नाव. एका प्रबंधात, दोन स्मरणिकांत आणि गावातल्या कोनशिलेवर मात्र १८६७ आहे, आणि कोनशिलेला 'इतिहास पहा'ची कळ नसते.

टिपणाच्या शेवटी आम्ही ऋणनिर्देश केला होता. ही दुरुस्ती २००९ सालीच ज्याने केली त्याचे आभार, असे लिहून पुढे ते चार आकडे ठिपक्यांसह दिले होते. अंक हाती आला तेव्हा ते वाक्य त्यात नव्हते. संपादकांना विचारले. त्यांना तो टंकदोष वाटला होता.